पत्र्याची शिट्टी

मायनं बाची कातडी पिशवी गोणपाटावर उलटी केली. तीन शिट्ट्या पडल्या.

"निवड यातली एक," ती म्हणाली. "अन् लवकर निवड. हरलाल येऊन राह्यला."

हरलाल म्हणजे माझा सख्खा काका. चांगली बातमी असली की तो आधी पाणी मागायचा, बूड टेकवायचा आणि मग सांगायचा. वाईट असली की उभ्यानंच. त्या दिवशी तो आमच्या पालापुढं आला, मायनं तांब्या पुढं केला, तरी बसला नाही. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तरी ऐकलं.

"पंचाचं म्हननं असं हाय वहिनी," तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला. "आठव्या दिवशी सकाळी भावलाल बुवा टेंभीच्या माळावर येतीन. तुमच्या घरातल्या मानसानं शिट्टी वाजवून एक तितर बोलवाचं अन् फाशात घालाचं. जमलं तं माळ तुमचा. नाई जमलं तं..."

"तं तुया," माय म्हणाली.

"मी काई मागाले गेलो नव्हतो."

"तू कुठीसा मागते. तुले न मागताच भेटते."

घरात आम्ही पारधी बोली बोलायचो. इथं ते बोलणं मी वऱ्हाडीत लिहितो, कारण बाजूच्या गावांशी भांडून भांडून आम्हा सगळ्यांना भांडणापुरती वऱ्हाडीच सोयीची झाली होती.

शिकारीवरचा कायदा यायच्या आधीची ही गोष्ट. आमच्या जमातीत तेव्हा प्रत्येक घराला मुलूख नेमून दिलेला असे. एका घराच्या मुलखात दुसऱ्यानं फासा लावायचा नाही. पण पाखराला बोलावणारं तोंड घरात उरलं नाही, तर मुलूख जवळच्या भाऊबंदाला जायचा आणि ते घर त्याच्या 'मागून चालायचं'. मागून चालणं म्हणजे काय ते आम्हाला विचारायला लांब जावं लागत नव्हतं. तिसऱ्या पालात रतनीबाई होती. आठ वर्षं ती दुसऱ्याच्या फाशांच्या खुंट्या वाहत होती, आणि वाट्याला यायची पाखरांची मुंडकी आणि पाय. तिची दोन पोरं पाय चोखता चोखता मोठी झाली होती, आणि कुणी हाक मारली की आधी मान खाली घालायची.

आमच्या घरातलं बोलावणारं तोंड अकरा दिवसांपूर्वी वाकडं झालं होतं. बा पहाटे पाणी प्यायला उठला आणि तांब्यासकट पडला. उजवं अंग गेलं. तोंड डाव्या गालाकडं ओढलं गेलं. आता तो पालात आडवा असायचा. डाव्या हातात काठी. एकदा आपटली की नाही, दोनदा आपटली की होय. एवढ्या दोन शब्दांवर त्याचा सगळा संसार आला होता. तोंड चालत होतं तेव्हाही तो याहून फार बोलायचा असं नाही, पण तेव्हा ते त्याच्या मर्जीनं होतं.

आणि मी? मी सात वर्षं कारंज्याच्या वसतिगृहात काढून, मॅट्रिकला गणितात वर्गात पहिला आणि इंग्रजीत नापास होऊन परत आलेला. काका मला मास्तर म्हणायचा. सात वर्षांत मी किती चपात्या खाल्ल्या ते सांगू शकलो असतो, पण तितराची एक हाक तोंडातून काढता येत नव्हती.

"निवड ना बापा," माय म्हणाली.

एक शिट्टी बोकडाच्या शिंगाची, आज्याच्या वेळची. ती फुंकायला छाती लागते. दुसरी म्हणजे बांबूच्या चिरलेल्या चिपेत पळसाचं वाळकं पान. ती आमच्यात चार वर्षांच्या पोराला देतात. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बाळ चिमटून ठेवलंय. तिसरी पत्र्याची. तंबाखूच्या डबीचं झाकण कापून दुमडलेलं, मध्ये बोकडाच्या आतड्याचा पातळ पडदा ताणलेला. ती हातात धरायची नसते. जिभेनं टाळूला चिकटवायची आणि श्वास वरून सोडायचा. हात मोकळे, अंग स्थिर, पाखराला काही हललेलं दिसत नाही. तिच्या कडेला बाच्या दातांचे व्रण होते. चौदा कोसांत बाच्या, म्हणजे मोहरसिंगाच्या, त्या शिट्टीचं नाव होतं.

मी अर्थातच पत्र्याची उचलली.

काठी एकदा आपटली.

मी बाच्याकडं बघितलं. त्यानं काठीचं टोक हळूहळू सरकवत पानाच्या शिट्टीवर ठेवलं.

काका पहिल्यांदाच हसला. "दादा बराबर म्हनते. मास्तराले पानच पुरे हाय."

माझे कान तापले. मी पत्र्याची शिट्टी मुठीत घट्ट धरली.

"देत नाई तो," काका गेल्यावर माय हळूच म्हणाली. "आपली चीज कोनाले देववत नाई रे. मलेबी हात लावू देत नव्हता. तू घे. मी सांभाळतो त्याले."

बानं पुन्हा एकदाच काठी आपटली. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिले तीन दिवस मी नाल्यात बसून फक्त ओकलो. पत्रा टाळूला लागला की घसा त्याला बाहेर फेकायचा. दुसऱ्या दिवशी पडदा फाटला. मायनं नवं आतडं धुऊन, पातळ खरवडून, ताणून दिलं. तिसऱ्या दिवशी मी शिट्टी अर्धी गिळली आणि मायनं पाठीत एवढी बुक्की घातली की शिट्टीबरोबर न्याहारीही बाहेर आली.

"गाय रवंथ करते त्याच्यात तरी सूर रायते," ती म्हणाली. मग स्वतःच शिट्टी धुऊन माझ्या हातात ठेवली. "पुन्हा."

तिचं हे 'पुन्हा' मी त्या आठवड्यात अडीचशे वेळा तरी ऐकलं असेल. पालात आता जवारीची एक टोपली उरली होती. तिच्यात हात घालताना माय माझ्याकडं पाठ करायची. पाठ किती वेळा केली तेही माझ्या ध्यानात होतं.

चौथ्या दिवशी हवा आली. पाचव्या दिवशी दुपारी, काही कळायच्या आत, माझ्या तोंडातून बा बोलला.

कति-तर, कति-तर, कति-तर. शेवटच्या हाकेला बा जो किंचित वर उचलायचा, तोही. पालापुढं माय मिरची कुटत होती. तिचा बत्ता वरच्या वर थांबला आणि ती वळून माझ्याकडं नाही, पालात बाच्याकडं बघायला लागली. तिकडून हरलालकाका धावत आला. "दादा उठला?" त्यानं विचारलं, आणि मी दिसलो. तोंड अर्धवट उघडं ठेवून तो तिथंच उभा राहिला. माणसाचा भाऊ बरा झाला नाही म्हणून दुःख, आणि भावाचा आवाज मेला नाही म्हणून दुसरं दुःख, अशी दोन्ही एकाच चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"दादाच हाय पुरा," तो म्हणाला आणि गेला.

मायच्या डोळ्यांत पाणी होतं. मी छाती काढून पालात शिरलो.

बानं काठी एकदा आपटली.

"कोठी चुकलं?" मी विचारलं. "वरचा सूर?"

एकदा.

"खालचा? घाई होते?"

दोन्हींना एकेकदा.

मी मनात म्हटलं, तोंड गेलं तरी मीपणा गेला नाही.

सहाव्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी मी टेंभीच्या माळावर गेलो. गुडघाभर गवत, मधेमधे बोरीची झुडपं, पळसाला नुकती कोवळी तांबूस पानं आलेली. झुडपाच्या दोन्ही अंगांनी फासे मांडले. खुंट्यांच्या ओळीत घोड्याच्या केसांचे फास, पाखराच्या छातीच्या उंचीवर. मग गवतात पोट टेकवून ऐकत पडलो. तितरं बोलत होती. मी मोजली. अकरा नर, अकरा दिशांना, आपापल्या तुकड्यावर हक्क सांगणारे. पाहुणा नर आपल्या जागेत बोलला की मालक त्याला हाकलायला धावत येतो आणि फाशात पडतो. आमचा सगळा धंदा त्याच्या या रागावर चालायचा.

मी पत्रा टाळूला लावला आणि बाची हाक दिली.

अकराच्या अकरा थांबले.

हळूहळू नाही, एकापाठोपाठ नाही. कुणी दिवा फुंकावा तसा सगळा माळ एकदम विझला. मी पुन्हा हाक दिली. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. सूर्य हातभर वर येईपर्यंत मी पडून राहिलो. उठून चालायला लागलो तेव्हा मागं कुठंतरी एकजण बोलला, मग दुसरा.

सातव्या दिवशी जागा बदलली. वारा बघितला. अंगाला शेण फासलं. हाक दिली, माळ विझला.

परत येताना कारंज्याच्या वाटेला फाटा लागतो. तिथं मी बराच वेळ उभा होतो. वसतिगृहाचे रेक्टर म्हणाले होते, शिपायाची जागा निघाली तर कळवतो. निघून गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी माळावर कुणी हरलं नसतं, फक्त कुणी आलं नसतं. पण मग खुंट्या वाहायला माय एकटी राहिली असती. मी पालाकडं वळलो ते बहादुरीनं नाही. मायच्या डोक्यावर खुंट्यांचा भारा असलेला मला दिसला, आणि पुढं चालणाऱ्या काकाची पाठ दिसली.

बा जागाच होता. मी आत गेल्याबरोबर काठी आपटली. एकदा.

तिथं माझा तोल गेला.

"तुमचं तोंड गेलं म्हून मायंबी जावं असं वाटते का तुमाले?" मी म्हणालो. "सांगता येत नाई तं निदान आपटू तरी नका. सात दिवस झाले, नाई, नाई, नाई. दुसरं काई येतेच ना तुमाले? दोनदा आपटता येते का नाई?"

मायनं माझ्या कानाखाली वाजवली.  बा मात्र चिडला नाही. त्यानं डाव्या कोपरावर अंग ओढत ओढत जवारीची टोपली गाठली. मूठभर दाणे जमिनीवर पसरले. मग हात पुढं केला. मी शिट्टी दिली.

त्यानं शिट्टी एका दाण्याला लावली आणि तो दाणा बोटानं स्वतःकडं ओढून घेतला. दुसऱ्याला लावली, ओढला. तिसरा. चौथा. घामानं त्याचं कपाळ भिजलं. असे सगळे दाणे त्यानं आपल्या मांडीशी ओढले आणि थोडेच बाजूला उरू दिले. मग त्या उरलेल्यांच्या मधोमध शिट्टी ठेवली, आणि एकेक दाणा बोटानं लांब ढकलला, शिट्टीपासून जेवढा लांब जाईल तेवढा.

मग आमच्याकडं बघितलं. डावा डोळा मोठा झाला होता.

"दाने सरत आले म्हनते," माय म्हणाली आणि तिला हुंदका आला. "एवढेच उरले म्हनते. मले मालूम हाय हो. पोराले नका दाखवू."

काठी एकदा आपटली. पुन्हा एकदा. मायनं सगळे दाणे गोळा केले, टोपलीत टाकले, टोपलीवर फडकं झाकलं. बा कितीतरी वेळ आपटत होता. मग हात थकला.

आठव्या दिवशी सकाळी पंचातर्फे भावलाल बुवा माळावर आले. अंगानं वाळके, डोळ्यात फूल पडलेलं, पण कान असे की गवतातल्या पाखराचं पोट भरलंय की रिकामं तेही सांगायचे. काका त्यांच्या मागं, धुतलेलं धोतर नेसून. धुतलेलं धोतर मी त्याच्या अंगावर त्याआधी फक्त एका लग्नात पाहिलं होतं. माय आमच्या गायीला धरून आली. गायीच्या पाठीवर बा. मायनं त्याला लुगड्यानं वशिंडाशी बांधून आणलं होतं. यायलाच पाहिजे असं त्यानं दोनदा आपटून सांगितलं होतं, म्हणे.

"सूर्य त्या पळसाच्या शेंड्याशी येईलोक तुया येळ," बुवा मला म्हणाले. "घाई करू नोको. मलेबी घाई नाई."

सगळे बोरीच्या आडोशाला बसले. फासे लावले होते. अकरा नर बोलत होते. मी पत्रा टाळूला लावला.

माझ्या आयुष्यात त्याच्याइतकी चांगली हाक मी पुन्हा दिली नाही. बुवांनी मान डोलावली. काकानं डोळे मिटून घेतले.

माळ विझला.

"शिट्टी तं मोहरसिंगाचीच," बुवा हळूच म्हणाले. "पाखरू कोठी हाय?"

दुसरी हाक. तिसरी. सूर्य पळसाच्या बुंध्यामागून चढायला लागला. माझी जीभ कोरडी पडली, पत्रा टाळूला टोचायला लागला. मायनं गायीच्या मानेत तोंड लपवलं होतं. काका बुवांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत नव्हता. तो माळ बघत होता. कुठं खुंट्या लावायच्या, गायीच्या आडून पाखराकडं कुठून सरकायचं. तो ते मनातल्या मनात ठरवत असणार. मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

मी तोंड मिटून पडून राहिलो. थोड्या वेळानं लांबून एक नर बोलला. मग दुसरा. माणसं इथंच होती, गाय इथंच होती, मी इथंच होतो. ते आम्हाला भीत नव्हते. ते फक्त शिट्टीला भीत होते. वाईट शिट्टीला नाही. चांगल्या शिट्टीला. हुबेहूब बाच्या शिट्टीला.

आणि मला दाणे दिसले. शिट्टी लावून मांडीशी ओढलेले. आणि शिट्टी मध्ये ठेवल्यावर लांब पळालेले.

मी बाच्याकडं वळून बघितलं. लुगड्यानं बांधलेला, मान एका बाजूला. काठी नव्हती हातात. पण तो माझ्याकडंच बघत होता.

मी पत्रा थुंकून टाकला.

"हे काय?" काका म्हणाला.

पानाची चिप घरी पिशवीत राहिली होती. मी हात लांब करून पळसाचं एक कोवळं पान तोडलं, दोन ओठांत धरलं आणि फुंकलं. जो आवाज निघाला तो तितराचा होता असं मी शपथेवर सांगणार नाही. फाटका, थरथरता, मध्येच तुटणारा.

"कोंबडी खुडूक झाली वाटते," काका म्हणाला.

"चूप," बुवा म्हणाले.

कारण उजव्या बाजूचा एक नर थांबला होता, आणि मग त्यानं उत्तर दिलं. रागानं. हे कोण दुबळं माझ्या तुकड्यात रडतंय, असं. मी पुन्हा फुंकलं. पान फाटलं, दुसरं तोडलं. पाखरू जवळ आलं. गवताचे शेंडे हलताना दिसले. ते उडत नव्हतं, पळत होतं. मान पुढं, पंख अर्धे उघडे. एवढ्या भेकड पाहुण्याला हाकलायला कुणाला भीती वाटणार?

खुंट्या खडखडल्या. फडफड झाली. मी धावत जाऊन त्याला दोन्ही हातांत धरलं. त्याचं काळीज माझ्या बोटांवर आपटत होतं.

सूर्य शेंड्याला यायला अजून वीतभर बाकी होता.

बुवांनी पाखरू हातात घेतलं, पायाची नखी पाहिली. "पक्का नर," ते म्हणाले.

"एकानं काय होते," काका म्हणाला. "योग असन."

"एकच ठरलं व्हतं, हरलाल." मग बुवा माझ्याकडं वळले. "तुयी पैली शिट्टी चांगली व्हती. काहून टाकली?"

मी बाच्याकडं न बघता सांगितलं. "त्या शिट्टीवर जे येनारे व्हते ते सारे येऊन गेले, बुवा. आमीच खाल्ले ते. उरले ते तिच्यावर न येनारे. अन् त्यायची पिल्लंबी तशीच निंघाली. जितकी शिट्टी बराबर वाजवावं तितका माळ चूप बसते."

 बुवा गायीजवळ गेले. "मोहर," ते बाला म्हणाले, "तुले मालूम व्हतं?"

बानं डावा हात उचलला आणि गायीच्या पाठीवर दोनदा आपटला.

"कव्हापासून? यंदाच?"

एकदा.

"दोन वर्सं?"

दोनदा.

माय बाच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन वर्षांपासून बा उशिरा यायचा. कधी एक पाखरू, कधी तेही नाही. यायचा आणि म्हणायचा, पाय दुखते, लांब जावत नाही. माय रोज रात्री त्याच्या पायांना करंजीचं तेल चोळायची. दोन वर्षं तिनं चांगले धडधाकट पाय चोळले होते.

"माळ तुमचा," बुवा म्हणाले, आणि काकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेले. धुतलेल्या धोतराला मागून कुसळं लागली होती. मी बोलावून सांगितलं नाही.

माळ पुन्हा बोलायला लागला होता. मी मोजले. दहा. पकडलेल्या नराच्या शेजारचे दोघं जरा दबून बोलत होते. त्यांनी पानाचा आवाज ऐकला होता, आणि त्यानंतरची फडफडही ऐकली होती. मी पळसाकडं पाठ केली.

माय एकदम म्हणाली, "इकडे ये. धर त्याले."

बाचं अंग हादरत होतं. खांदे, मान, सगळं. ओढलेल्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि घशातून एक आवाज येत होता, पानाच्या शिट्टीसारखाच तुटका. डोळ्यांतून पाणी. ते तोंड आता एकाच आकाराचं उरलं होतं. त्यावरून आतलं काही वाचता येत नव्हतं.

"काय झालं त्याले?" मी विचारलं. "रडते का?"

मायनं लुगड्याच्या पदरानं त्याचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली.

"नाई," ती म्हणाली. "हसून राह्यला."

माय आयुष्यात माझ्याशी फार थोड्या वेळा खोटं बोलली. माझ्या हिशेबात तीनदा. हे चौथं धरायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.